ताटात आलं त्याचा भाव

३ मे, रविवार. रामबाग, इंदूर

सकाळी कचऱ्याची गाडी गेल्यावर एप्रिलचं पान पूर्ण केलं. गेला महिनाभर मी एक काम नेमानं केलं. ओल्या डब्यात पडण्याआधी, खाण्याजोगं असूनही वाया गेलेलं सगळं वजनकाट्यावर ठेवलं आणि वहीत मांडलं. साली, देठं, चहाचा चोथा धरला नाही. बेरीज आली ६ किलो ३०० ग्रॅम, आणि घरात आम्ही माणसं तीन.

ओला-सुका वेगळा करणं आपल्या शहराच्या आता अंगवळणी पडलंय. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं इंदूर पहिलं, ह्याचा मला मनापासून अभिमान आहे. ओला कचरा देवगुराडियाला जातो आणि तिथे त्याचा गॅस होतो, म्हणून इतकी वर्षं वाटायचं की टाकलेलं कुठेतरी कामीच येतंय. पण निवडून, धुऊन ठेवलेली मेथी विसरल्यामुळे काळी पडली, तर तिचा गॅस होऊन काय उपयोग? ती भाजी व्हायला आणली होती.

वहीत सगळ्यात जास्त वेळा टमाटे आले, १ किलो ८०० ग्रॅम. ते सगळे एकाच खरेदीतले. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नंदलालपुऱ्याच्या मंडीत गेले होते. किलोला २५ रुपये भाव होता. भाजीवाला म्हणाला, "दीदी, धडी ले जाओ, नब्बे में।" धडी म्हणजे पाच किलो. १२५ चा माल ९० मध्ये, ३५ रुपये वाचले ह्या आनंदात घेऊन आले. ढिगाच्या तळचे पिकलेले निघाले. त्यात एप्रिलचं ऊन. चौथ्या दिवशी टोपलीखालच्या कागदाला ओल दिसली. वरचे टमाटे लालबुंद, घट्ट. खालचे हातात घेताच साल सुटून बोटांवर आली. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा.

टमाटे संपल्यावर हिशेब मांडला. पाच किलोतले खाल्ले ३ किलो २००. त्याला ९० रुपये, म्हणजे किलोला २८ रुपयांच्या वर. सुटे घेतले असते तर २५ नं पडले असते. मी महाग टमाटे आणले आणि स्वस्त समजून आणले. आईंना वही वाचून दाखवली (सासूबाई, वय ७८, पण आकडे तोंडपाठ). त्या म्हणाल्या, "अगं, धडी आपण घ्यायचो तेव्हा पंगतीला चौदा पानं असायची. भाव मंडीत विचारायचा आणि ताटात मोजायचा." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. आता वरच्या मजल्यावरच्या वहिनी आणि मी धडी अर्धी-अर्धी घेतो. घरी आल्याबरोबर पिकलेले वेगळे काढते, त्यांचं त्याच दिवशी सार.

पोळ्या आणि भात मिळून २ किलो १००. हे मला जास्त लागलं, कारण ते माझ्या हातचं होतं. कणीक अंदाजानं भिजवायची जुनी सवय. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तरी हात चौघांचंच पीठ काढतो. आता संध्याकाळी सहाला विचारूनच परात घेते. ह्यांना सुरुवातीला ते रोज विचारणं आवडलं नाही, आता ऑफिसातून निघतानाच फोनवर सांगतात. उरलीच पोळी तर सकाळी कुस्करा.

उरलेल्यात पालेभाजी, कोथिंबीर, ब्रेड आणि थोड्या काकड्या.

एकदम घेतलेलं महाग पडतं, मग गव्हाचं काय, असं वाटेल. तो तर आम्ही पोत्यानं भरतो. पण गहू टमाट्यासारखा चार दिवसांत जात नाही. नीट वाळवून भरला तर वर्षभर राहतो, तिथे एकदम घेण्यातच बचत. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतल्या धान्या-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्या धान्यावर नाही. चूक झाली होती ती मापात. आमचं दळण महिन्याला १२ किलो, वर्षाचे १४४. गेल्या वर्षी सवयीनं दोन क्विंटल भरले. भाद्रपदात कोठीचं झाकण उघडलं तर वरच्या थरात सोंडे चालत होते, दाण्यांना टाचणीएवढी भोकं आणि हाताला पांढरी भुकटी. आई आणि मी तीन दिवस चाळत बसलो, तरी ११ किलो पाखरांसाठी गच्चीवर टाकावे लागले. म्हणून यंदा दीडच क्विंटल लोकवन घेतला.

तेलाचंही सांगून ठेवते. मोठ्या दुकानात दोन पिशव्या सारख्याच दिसल्या, एकीवर एक लिटर, दुसरीवर ७५० ग्रॅम. सोयाबीनचं लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे दुसरीत १६० ग्रॅम कमी. आता किलो किंवा लिटरपेक्षा लहान पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीलिटरमागे किंमत छापावी लागते. अक्षर बारीक असतं, म्हणून चष्मा पर्समध्ये ठेवायला लागले.

गहू तीन दिवसांपासून गच्चीवर जुन्या नऊवारीवर पसरलेत. आज दुपारी आईंनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्‌ वाजला नाही, नुसता दबला. "अजून एक ऊन," म्हणाल्या. उद्या चारला गोळा करायचे, पण लगेच भरायचे नाहीत, रात्रभर खोलीत पसरून निववायचे. गरम गहू कोठीत घातला की आतून घाम धरतो. परवा हाताला एरंडेल लावून चोळायचे. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळतोय.

मे महिन्याचं पान आखून ठेवलंय. पहिली नोंद, १ तारीख: अर्धी जुडी कोथिंबीर, ४० ग्रॅम.