शुक्रवारचा तास पोरांच्या हाती

बी.ए. द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गाला मी सांगितलं, शुक्रवारच्या तासाला काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. वर्ग गप्प. मग मागून आवाज आला, "सर, तुम्हीच सांगा ना. परीक्षेला काय येणार तेवढं सांगा."

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यातलं. बऱ्याच पोरांच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही. त्यांनी निवडायचं कशातून, हा विचार मी आधी करायला हवा होता. पहिले तीन शुक्रवार व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार आले. त्यांवर सगळ्यांचं एकमत, मग चर्चा कसली?

चौथ्या आठवड्यात अटी घातल्या. घरातला कुठलाही लिहिलेला कागद चालेल. बुधवारी झेरॉक्स सगळ्यांच्या हातात पाहिजे. आणि आणणाऱ्यानं स्वतःला न सुटलेला एक प्रश्न सोबत आणायचा. या शेवटच्या अटीनंच तास उभा राहिला. लातूरकडच्या एका मुलानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचं कात्रण आणलं, ते बरं चाललं.

दसऱ्याच्या आधी एका मुलीनं उचलीचा, म्हणजे ऊसतोडीआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, कागद आणला. नावं तिनं पेनानं खोडलेली. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली रक्कम, ती फिटेपर्यंत ऊसतोडीची हमी, खाडा पडला तर किती कापायचे, सगळं त्यात. तिचा प्रश्न होता, "इथं 'एक कोयता' लिहिलंय. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग अंगठा एकट्या वडिलांचाच का?"

एरवी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर तर आई चढते." एका मुलाचे वडील मुकादम. तो उसळला, "उचल घेऊन माणसं पळून जातात, तेव्हा आम्ही कुठून भरायचे?" मला मध्ये पडावंसं वाटत होतं, पडलो नाही, तेच बरं झालं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलानं एका शब्दावर बोट ठेवलं. "सर, यांना 'लिहून देणार' म्हटलंय. पण खाली अंगठा आहे. मग लिहिलं कुणी?"

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. इतकी वर्षं शिकवतोय, पण मजकुराला इतकं बारीक वाचलेलं माझ्या वर्गात मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर उचलीचा कागद आणणारी ती मुलगी आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेली. पहिल्याच बुधवारी रात्री कोपीवरून, तोडणी मजुरांच्या झोपडीवरून, तिचा फोन आला, "सर, या शुक्रवारी काय वाचताय? फोटो टाका ना." आता दर बुधवारी टाकतो.