तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फक्त तोंडानेच’

सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला समोर बसून क्वचितच कोणी विचारला असेल. बाकीचे सगळे बोलणे आटोपते, माणूस उठतो, दाराच्या कडीवर हात ठेवतो आणि मागे न वळता विचारतो, “सर, मी पुरुषांबरोबर फक्त तोंडानेच करतो. त्यानं एचआयव्ही होतो का?”

मुखमैथुनातून एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता फार कमी आहे, परंतु ती शून्य नाही. ज्याचे लिंग दुसऱ्याच्या तोंडात असते त्याचा संबंध केवळ लाळेशी येतो आणि लाळेतून हा विषाणू पसरत नाही, त्यामुळे त्याला धोका जवळजवळ नसतोच. ज्याच्या तोंडात वीर्य जाते त्याला तो थोडा असतो. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार, एचआयव्हीबाधित जोडीदाराकडून निरोधाशिवाय गुदमैथुन करून घेतल्यास दर 10,000 वेळांमागे सुमारे 138 वेळा लागण होऊ शकते. मुखमैथुनापुढे मात्र त्याच तक्त्यात आकडा नाही, नुसते ‘कमी’ असे लिहिले आहे.

हे ‘कमी’ वाढते ते तोंडातल्या जखमांमुळे. म्हणून मी आधी तंबाखूची चौकशी करतो. मावा किंवा चुना लावलेली तंबाखू ज्या जागी रोज धरली जाते, तेथे खालच्या ओठामागे जीभ फिरवून पाहिली तर सोललेला, चरचरणारा भाग अनेकांना स्वतःलाच जाणवतो. हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंड आले असेल किंवा नुकतीच दाढ काढली असेल, तर ते भरून येईपर्यंत थांबावे. तोंडाला वास येऊ नये म्हणून भेटीला निघताना खसाखसा दात घासणारेही पुष्कळ असतात. त्याने हिरड्या खरचटतात, तेव्हा त्या वेळी नुसती चूळ भरणे चांगले. वीर्य तोंडात सोडू न देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि गेलेच तर ते तोंडात न धरता लगेच थुंकावे. निरोधाच्या वंगणाची चव कोणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. औषधाच्या दुकानात स्वादाचे निरोध मिळतात, ते खास यासाठीच वापरावेत.

जोडीदार एचआयव्हीबाधित असला, तरी नियमित एआरटीमुळे (एचआयव्हीवरील औषधांमुळे) ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, चाचणीत सापडत नाही अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-2 या अभ्यासात अशा पुरुष जोडप्यांमध्ये, निरोधाविना गुदमैथुन होऊनही, जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही.

दारातल्या माणसाला मी परत बसवतो, तेव्हा दहा मिनिटांत तो ‘फक्त’ बऱ्याचदा गळून पडतो. कधीतरी, दारू घेतल्यावर, निरोधाशिवाय गुदमैथुनही झालेले असते. ते 72 तासांच्या आत घडले असेल, तर लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायच्या 28 दिवसांच्या पेप गोळ्यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. वारंवार घडत असेल, तर प्रेपविषयी, म्हणजे लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या गोळ्यांविषयी, बोलावे लागते. चाचणी मोफत असते, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार ती संमतीशिवाय करता येत नाही व तिची माहिती गुप्त ठेवावी लागते.

खरे तर तोंडाच्या बाबतीत मला एचआयव्हीपेक्षा गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) यांची काळजी अधिक वाटते. गरमीचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, त्यामुळे ओठावर किंवा जिभेवर असूनही तो दुर्लक्षित राहतो. रक्त देतानाच तिचीही तपासणी मागून घ्यावी. घशातल्या परम्याची बहुतेकांना काहीच लक्षणे नसतात आणि तो रक्तात किंवा लघवीत सापडत नाही. त्यासाठी घशातून स्वॅब घ्यावा लागतो, आणि ‘तोंडाने’ हा शब्द उच्चारल्याशिवाय तो घ्यायला कोणत्याही डॉक्टरला सुचत नाही.