तुम्ही विचारलंत म्हणून: अक्षर थेट पडद्यावर का नाही?

"ताई, नुसता मजकूरच दाखवायचाय ना? मग एकेक अक्षर थेट पडद्यावर का नाही पाठवत? मध्ये हा बफर कशाला?"

टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीत, लांबलचक फायली वाचायला मी एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे पेजर, लिहिला आहे. पडद्यावर पाठवण्याआधी तो मजकूर मेमरीत एका जागी साठवतो, ती जागा म्हणजे बफर. आमच्याकडे तो रोज वापरात असतो. कोणी नवीन कामाला लागलं आणि त्याचा कोड उघडून बसलं, की आठवडाभरात हा प्रश्न येतोच. मी दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि दर वेळी अर्धंच सांगून होतं. म्हणून एकदा बसून लिहिते.

बहुतेकांना अपेक्षित असलेलं उत्तर म्हणजे वेग. ते खरंच आहे. जुन्या टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं, म्हणजे १,९२० जागा. एकेक अक्षर वेगळं पाठवलं तर एका पानासाठी कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, दार १,९२० वेळा ठोठावावं लागतं. साठवून पाठवलं तर दोन-तीन वेळांत काम होतं. नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर काम करत असाल तर फरक आणखी जाणवतो, कारण तीन बाइटच्या एका मराठी अक्षराला आयपी आणि टीसीपी या नेटवर्कच्या नियमांची मिळून किमान ४० बाइटची वेष्टनं चढतात, आणि एन्क्रिप्शनचं ओझं त्याहून वेगळं.

ज्यांनी हे प्रोग्रॅम पहिल्यांदा घडवले त्यांच्यासाठी तर ही रोजची अडचण होती. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला ३० अक्षरं येत. पूर्ण पडदा भरायला ६४ सेकंद! बिल जॉयने व्हीआय हा एडिटर अशाच मोडेमवर बसून लिहिला, आणि त्यातल्या आज्ञा एकेका अक्षराच्या का आहेत ते यावरून कळतं. डॅनियल हॅल्बर्टने १९७८ साली बर्कलीत 'मोअर' लिहिला, तो पानापानाने पुढे जायचा. मार्क नुडेलमनने १९८३ मध्ये 'लेस' लिहायला घेतला, त्यात मागेही जाता येऊ लागलं. आज लिनक्सवर मॅन्युअलचं पान उघडलंत किंवा गिटचा (कोडातले बदल जपणाऱ्या साधनाचा) इतिहास पाहिलात, तर बहुतेक वेळा समोर लेसच असतो.

पण वेगासाठी मी बफर ठेवला असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. आजची मशीनं इतकी वेगवान आहेत की स्थानिक टर्मिनलवर तो फरक पुष्कळदा जाणवतही नाही. वाचणाऱ्याला अर्धवट पान कधीही दिसू नये, यासाठी मी बफर ठेवते. पान बदलताना प्रोग्रॅम आधी पडदा पुसतो, मग ओळी लिहितो. हे दोन तुकडे वेगवेगळे गेले, तर टर्मिनल मधल्याच क्षणी चित्र काढतं आणि कोरा पडदा चमकून जातो. एकत्र गेले तर डोळ्याला फक्त जुनं पान आणि नवं पान दिसतं. तासन् तास लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी, वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना विचारा हा फरक किती मोठा आहे.

एवढ्यावर मुलं समाधानाने मान हलवतात. मला खरं सांगायचं असतं ते याच्या पुढचं आहे. बफर ठेवणं सोपं असतं. तो कधी रिकामा करायचा, हे कळायला मला एक वाईट रात्र जावी लागली.

माझ्या पहिल्या आवृत्तीत १,०२४ बाइटचा बफर होता. तो भरला की आपोआप रिकामा व्हायचा. शिवाय 'पुढचं पान', 'मागचं पान', 'शोध' अशा प्रत्येक कामाच्या शेवटी मी हाताने फ्लश, म्हणजे बफर रिकामा करायची आज्ञा, लिहिला होता. 'फायलीच्या शेवटाला जा' या कामात तेवढा राहून गेला. आणि तळाची प्रॉम्प्टची, म्हणजे पुढच्या कळीची वाट पाहतोय असं सांगणारी, ओळ मी बफरमधून न पाठवता थेट एररच्या (चुकांचे संदेश जातात त्या) वाटेने पाठवत होते, कारण ती ताबडतोब दिसावी असं मला वाटायचं.

कणकवलीजवळच्या गावी गेलेला माझा एक सहकारी रात्री मोबाईलच्या नेटवरून सर्व्हरवर शिरला होता. एक सेवा बंद पडली होती. त्याने लॉग उघडला, थेट शेवटाला गेला आणि मला फोन केला, "ताई, लॉग दोन वाजून दहा मिनिटांनी थांबलाय. पुढे काहीच नाही."

पुढे होतं. शेवटच्या चार ओळी होत्या, आणि त्यात डिस्क भरल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या चार ओळी माझ्या बफरमध्ये बसून होत्या. वरच्या ओळी बफर भरला तेव्हा निघून गेल्या, उरलेला भाग १,०२४ चा भरला नाही म्हणून थांबला, आणि प्रॉम्प्ट मात्र आपल्या वेगळ्या वाटेने पडद्याच्या तळाशी पोचला. सहकाऱ्याला दिसलं ते असं: लॉग, खाली चार कोऱ्या ओळी, आणि त्याखाली व्यवस्थित प्रॉम्प्ट. फायलीच्या शेवटी कोऱ्या ओळी दिसल्या तर कोणाला शंका येईल? तळाला प्रॉम्प्ट आला म्हणजे पान पूर्ण झालं, असंच कोणीही समजेल. त्याने क्यू दाबून प्रोग्रॅम बंद केला. बंद होताना बफर रिकामा झाला, त्या चार ओळी पडद्यावर गेल्या, आणि त्याच क्षणी पेजरचा तात्पुरता, पर्यायी पडदा मिटून शेलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायचा, जुना पडदा परत आला. म्हणजे ओळी छापल्या गेल्या, पण कोणाच्याही नजरेस पडल्या नाहीत.

आम्ही दोन तास भलतीकडेच शोधत होतो. सकाळी मी तीच फाईल दुसऱ्या साधनाने उघडली आणि त्या चार ओळी समोर आल्या. मला फार लागलं ते. माणूस पडद्यावर विश्वास ठेवून निर्णय घेत होता आणि माझा प्रोग्रॅम त्याच्यापासून मजकूर लपवून बसला होता.

त्या दिवशी मला आणखी एक जुनी गोष्ट उमगली. गावांच्या नावांची एक मोठी यादी याच प्रोग्रॅममध्ये उघडली, की अधूनमधून एखादं नाव फुटायचं. 'श्रीरामपूर'च्या मध्येच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह यायचं. मी फाँटला दोष देऊन पुढे गेले होते. आता हिशेब करून पाहिला. 'श्रीरामपूर' यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत लिहायला दहा संकेत लागतात: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, र, काना, म, प, दीर्घ उकार, र. प्रत्येकी तीन बाइट, एकूण ३०. आता १,०२४ ला तीनने भागा. ३४१ अक्षरं बसतात आणि एक बाइट उरतो. म्हणजे सलग देवनागरी असेल तर बफरची कड बरोबर एका अक्षराच्या पोटात येते. स्पेस आणि नव्या ओळीच्या खुणांमुळे ती थोडी सरकते, इतकंच. पुढचे दोन बाइट लगेच मागोमाग गेले तर काही बिघडत नाही, टर्मिनल त्यांची वाट पाहतं. पण मध्येच वेगळ्या वाटेने माझा प्रॉम्प्ट घुसला, की ते अक्षर कायमचं तुटलं. इंग्रजी मजकुरात हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. मी चाचण्या इंग्रजी फायलींवर घेत होते. मराठी बोलणारी, मराठीत विचार करणारी मी, आणि चाचणीला एकही मराठी फाईल ठेवली नव्हती, याची खंत आजही आहे.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच निघालं: पडद्याकडे जाणाऱ्या दोन वाटा. म्हणून मी एकच वाट ठेवली. मजकूर, रंगाच्या खुणा, कर्सर हलवणं, प्रॉम्प्ट, सगळं एकाच बफरमधून एकाच क्रमाने जातं. आणि ठिकठिकाणी लिहिलेले फ्लश काढून टाकले. आता एक फ्लश आहे तो कळ वाचणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत. माणसाची वाट पाहायला बसण्यापूर्वी प्रोग्रॅमच्या हातात काहीही उरता कामा नये. नवं काम जोडणाऱ्याने फ्लश विसरला तरी आता चालतं, कारण कळ वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

याखेरीज पडदा दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या जागा आहेत. कंट्रोल-झेड दाबून प्रोग्रॅम थांबवला, की आधी बफर रिकामा करायचा, टर्मिनल पूर्ववत करायचं आणि मगच झोपायचं. प्रोग्रॅममधून एडिटर उघडायचा असेल तेव्हाही तसंच. फोर्क करताना, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःची दुसरी प्रत (त्याचं 'मूल') सुरू करतो तेव्हा, बफरमध्ये काही उरलं असेल तर त्याची प्रत मुलाच्याही हाती जाते, आणि दोघांनीही तो रिकामा केला तर तोच मजकूर दोनदा उमटतो.

फ्लश केलं म्हणजे सगळं गेलं असंही धरून चालू नका. हजार बाइट लिहायला सांगितले तर कर्नल सहाशेच घेऊन परत येऊ शकतो. कोणी खिडकीचा आकार बदलला तरी तेवढ्या सिग्नलने लिहिणं मध्येच तुटू शकतं. किती गेले ते पाहून उरलेले पुन्हा पाठवणं हे आपलं काम. लेसच्या कोडात या जागी मला फार आवडलेली एक गोष्ट आहे: जितकं पाठवायचं होतं तितकं गेलं नाही, तर तो पडदा विस्कटला असल्याची खूण करून ठेवतो आणि पुढे संपूर्ण पान नव्याने काढतो. पडद्यावर काय आहे याची खात्री उरली नाही, हे तिथे सरळ मान्य केलेलं आहे. मी दोन्ही करते, उरलेलं पाठवते आणि तेही फसलं तर खूण ठेवते.

काहीजण हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारतात: चालू लॉग ग्रेपमधून (हव्या त्या ओळी निवडणाऱ्या साधनातून) गाळून पेजरला जोडला की काहीच का दिसत नाही? तिथे पेजरचा दोष नसतो. ग्रेप ज्या सी लायब्ररीतून मजकूर पाठवतो, ती समोर टर्मिनल असेल तर ओळ संपताच मजकूर सोडते, पाइप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाणारी वाट, असेल तर लिनक्सवर साधारण ४,०९६ बाइट जमेपर्यंत धरून ठेवते. म्हणजे अडलेलं असतं ग्रेपकडे. त्याला ओळीओळीने सोडायला सांगणारा पर्याय आहे, तो लावा.

आता तुम्ही एक करा. माझा प्रोग्रॅम एस-ट्रेस (strace) या, प्रोग्रॅम कर्नलला घालत असलेल्या हाका दाखवणाऱ्या साधनाखाली चालवा आणि गावांची यादी उघडा. स्पेस दाबा, आणि राइट, म्हणजे लिहिण्याची हाक, किती वेळा झालं ते मोजा. नंतर थेट शेवटाला जा आणि कळ वाचण्याच्या आधीची ओळ पाहा. तिथे राइट दिसलं नाही, तर रात्रीचे कितीही वाजले असले तरी मला फोन करा.