आमची वाटचाल : दाब आवरून केलेली धुलाई

प्रेशर वॉशिंगच्या, म्हणजे दाबाच्या पाण्याने भिंती-फरशा धुण्याच्या धंद्यात उतरणारा माणूस आधी यंत्रावरचा दाबाचा आकडा पाहतो आणि ग्राहकही पहिला प्रश्न त्याच आकड्याविषयी विचारतो. आमच्या फर्मची सुरुवात पाण्याच्या आकड्यापासून झाली, आणि त्याचे सगळे श्रेय माझ्या पहिल्या भागीदाराचे आहे. तो मूळचा पंपदुरुस्तीचा कारागीर. इतरांनी दोन हंगामांत निकामी केलेले पंप त्याच्याच टेबलावर उघडले जात, त्यामुळे कोणता पंप कशाने बसतो हे त्याला विक्रेत्यांपेक्षा जास्त ठाऊक होते. सगळे विक्रेते आम्हाला २५० बारची (बार हे दाबाचे माप) यंत्रे दाखवत असताना त्याने कागदावर साधा हिशेब मांडला. मिनिटाला १५ लिटर पाणी २०० बारने सोडले तर त्या पाण्यात सुमारे ५ किलोवॉट शक्ती जाते. तेवढीच शक्ती ३० लिटर पाणी १०० बारने सोडूनही मिळते. फरक इतकाच की दुसऱ्या प्रकारात सुटलेला मळ वाहून न्यायला दुप्पट पाणी हाताशी असते आणि पृष्ठभागाची झीज कमी होते. त्या हिशेबावर आम्ही पहिले यंत्र घेतले : पट्ट्यावर चालणारा, मिनिटाला सुमारे १४५० फेऱ्यांनी फिरणारा, तीन सिरॅमिक प्लंजरांचा (पाणी ढकलणाऱ्या दांड्यांचा) पंप. दिसायला तो बोजड होता, पण त्याचे सील बाजारात मिळत आणि ते बदलायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागत नसे.

या पंपाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्याने धंदा सुरू करणारे पुष्कळ जण इथेच पैसे घालवतात. पंपातले तेल पहिल्या ५० तासांनी बदलावे आणि नंतर साधारण दर ५०० तासांनी. पण घड्याळाची वाट पाहत बसू नये. तेलाच्या काचेत दुधट रंग दिसला की सीलमधून पाणी आत शिरले असे समजावे आणि त्याच संध्याकाळी पंप उघडावा. पाणीपुरवठा अपुरा पडला तर पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्याचे व्हॉल्व्ह लवकरच खड्डे पडून वाया जातात. हातातल्या गनचा, म्हणजे पाणी सोडणाऱ्या दांडीचा, ट्रिगर सोडून गप्पा मारत उभे राहण्याची सवय तर सर्वांत घातक आहे. गन बंद असताना अनलोडर व्हॉल्व्ह तेच पाणी पंपातल्या पंपात फिरवत राहतो, ते मिनिटा-दोन मिनिटांत तापू लागते आणि सील शिजतात. आमच्याकडे नियम असा आहे की बोलायचे असेल तर आधी यंत्र बंद करायचे. दाब कमी झाला असे वाटले तर पंपाला हात लावण्याआधी गनच्या टोकाचे नोझल बदलून पाहावे. नोझलचे छिद्र झिजून किंचित मोठे झाले तरी दाब उतरतो, आणि एका लहानशा नोझलसाठी लोकांनी चांगले पंप खोलून ठेवलेले मी पाहिले आहेत.

नोझलची निवड हे या कामातले खरे कौशल्य आहे. नोझलचे अंश म्हणजे धार पसरण्याचा कोन : लाल नोझल शून्य अंशांचे, पिवळे १५, हिरवे २५ आणि पांढरे ४० अंशांचे, काळे साबणासाठी. पांढरे नोझल भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर धरले की पाण्याचा पंखा सुमारे २२ सेंटीमीटर रुंद पडतो; पिवळे त्याच अंतरावर जेमतेम ८ सेंटीमीटर. म्हणजे यंत्र तेच, दाब तोच, पण भिंतीच्या प्रत्येक बोटभर जागेवर पडणारा मार जवळजवळ तिप्पट. आमच्या पेटीत लाल नोझल ठेवलेलेच नाही. माझ्या भागीदाराने पहिल्याच दिवशी ते बाजूला काढले आणि पुढे आलेल्या प्रत्येक मदतनिसाला त्याचे कारण समजावून सांगितले.

त्यानंतरची काही वर्षे सरळ गेली. कामे मिळाली, माणसे वाढली, काँक्रीटच्या अंगणांसाठी फिरत्या दांड्यांचा सरफेस क्लीनर आला, तेलकट फरशांसाठी गरम पाण्याचे यंत्र आले, आणि तब्येतीच्या कारणाने भागीदार रोजच्या कामातून बाजूला झाला.

मग आमच्याच भागात दुसरी एक फर्म उभी राहिली. नाव लिहीत नाही. या धंद्यातल्या लोकांना ते सांगावे लागणार नाही. त्यांच्या जाहिरातीत एकच चित्र असे : काळवंडलेल्या काँक्रीटवर मधोमध काढलेला पांढराशुभ्र पट्टा. असा पट्टा दोन मिनिटांत काढता येतो, आणि घाईने फिरवलेल्या गनचे वळ त्या काँक्रीटवर कायमचे राहतात, हे चित्रात दिसत नाही. त्यांचे दर आमच्या निम्म्याच्या आसपास असत. ते जागा न पाहता फोनवर दर सांगत, भिंत विटांची आहे की गिलाव्याची हेसुद्धा विचारत नसत. त्यांची मुले साध्या चपला घालून काम करत आणि पाण्याचा जोर हातावर अजमावून पाहत. त्या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो. या दाबाचे पाणी कातडी भेदून आत शिरते, वरची जखम टाचणीएवढी दिसते, आणि आत मात्र ऊती फाटलेल्या असतात. अशी जखम घरी पट्टी बांधून बरी होत नाही, तिला तातडीने शस्त्रक्रियेसाठीच न्यावे लागते. मालकाने हे मुलांना सांगायला नको का?

दरातल्या चढाओढीची मला तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या प्रकाराची. एका कार्यालय संकुलाच्या विटांच्या दर्शनी भिंती आम्ही धूत असू. जुन्या विटांवरची बुरशी दाबाने काढायची नसते. ती सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने मारायची असते. साडेबारा टक्क्यांच्या एका भागात सुमारे ११ भाग पाणी घातले की भिंतीवर एक टक्क्याच्या आसपास ताकद मिळते. त्यात थोडा फेस धरणारा साबण घालून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, द्रावण वाळू द्यायचे नाही, आणि मग पांढऱ्या नोझलने कमी दाबाचे भरपूर पाणी वरून खाली सोडायचे. खालची झाडे आधी आणि नंतरही पाण्याने चिंब करायची. हायपोक्लोराइट जुने आणि उन्हात तापलेले असेल तर त्याची ताकद उतरलेली असते, म्हणून आम्ही ते ताजेच घेतो, आणि ज्या दिवशी ते बाहेर निघते त्या दिवशी गाडीत आम्लाची बाटली ठेवत नाही, कारण दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की माणसे नुसती उभी आहेत. संकुलाच्या व्यवस्थापकांनाही तसेच वाटले असावे. पुढच्या धुलाईचे काम त्यांनी त्या दुसऱ्या फर्मला दिले, आणि आमच्या आधीच्या कामाचे शेवटचे बिल "पाहतो" म्हणून अडवून ठेवले.

पावसाळ्यात त्या इमारतीच्या आतल्या भिंतींना ओल आली. विटांमधल्या दरजा जागोजागी धुऊन गेल्या होत्या, काही ठिकाणी बोट शिरेल इतक्या खोल. दुसऱ्या फर्मने सांगितले की आमच्या रसायनाने दरजांतला चुना आधीच भुसभुशीत केला होता, त्यांनी फक्त वरचा मळ काढला. व्यवस्थापकांनी हे मान्य केले, बिल कायमचे थांबवले आणि भरपाईची मागणी करणारे पत्र आम्हाला पाठवले. त्याहून वाईट म्हणजे ते पत्र शेजारच्या इमारतींच्या लोकांपर्यंतही पोहोचले. ठरलेली कामे एकामागून एक रद्द झाली. विमा कंपनीने पॉलिसीतले ते कलम दाखवले जे आपल्यातले बहुतेक जण वाचत नाहीत : ज्या वास्तूवर प्रत्यक्ष काम चालू आहे तिचेच नुकसान साध्या दायित्व विम्यात अनेकदा वगळलेले असते. तुमची पॉलिसी आजच काढा आणि ते कलम शोधा. वगळलेले असेल तर वेगळे संरक्षण मागून घ्या.

माणसांचे पगार थांबू नयेत म्हणून मला गरम पाण्याचे यंत्र विकावे लागले. १९५० मध्ये जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी युरोपातले पहिले गरम पाण्याचे उच्चदाब धुलाईयंत्र तयार केले, आणि माझा भागीदार त्या यंत्रांच्या बर्नरविषयी आदराने बोलत असे. आमच्या यंत्राची कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी वेटोळी नळी, त्याने स्वतः साफ केली होती. विकत घेणारा माणूस ते गाडीवर चढवत असताना भागीदाराने त्याला बर्नरचे नोझल कधी बदलायचे ते सांगितले, आणि त्या दिवशी तो त्याबद्दल आणखी काही बोलला नाही.

त्या काळात ज्यांनी आमची साथ सोडली नाही त्यात निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंचे नाव घ्यायला हवे. त्यांच्या परवानगीशिवाय ते छापत नाही, पण आमच्याकडे सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या घराला लाकडी गच्ची आहे. लाकूड धुताना पाणी नेहमी रेषांच्या दिशेने फिरवावे लागते आणि दाब ४०-५० बारच्या वर जाऊ द्यायचा नसतो, नाहीतर लाकडाचे तंतू उभे राहतात. बाई काम झाल्यावर लगेच पैसे देत नसत. लाकूड वाळले की दुसऱ्या दिवशी पायांतल्या चपला काढून त्या गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, मध्येच वाकून तळहात फिरवत, एखादी कूस लागली तर बोटाने दाखवत, आणि मगच पाकीट उघडत. आमच्याविरुद्धचे पत्र त्यांच्याही वाचनात आले. त्यांनी मला बोलावून घेतले आणि शाळेत चौकशी करावी तशी चौकशी केली : कोणते द्रावण, किती वेळ, कोणते नोझल, किती अंतर, पुरावा काय. उत्तरे ऐकल्यावर त्यांनी ओळखीच्या घरमालकांना स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. त्या चिठ्ठ्यांवर मिळालेल्या लहानसहान कामांवर आमचे ते वर्ष निभावले.

पुरावा आमच्याकडे होता. काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढायचे, आधीच मोकळ्या झालेल्या दरजांवर खडूने खूण करायची, कोपऱ्यातल्या हातभर जागेवर नमुना धुऊन ग्राहकाची सही घ्यायची आणि वापरलेला दाब, नोझल, द्रावण हे सगळे वहीत लिहायचे, ही पद्धत आम्ही सुरुवातीपासून पाळत आलो आहोत. ग्राहकांना तिचा कंटाळा येतो. शेवटी त्या संकुलाच्याच विमा कंपनीने तपासनीस पाठवला, तेव्हा मी ती वही आणि फोटो त्याच्यासमोर ठेवले. त्याने शिडीवर चढून विटा पाहिल्या. विटांच्या तोंडावर एकात एक गुंतलेली लहान वर्तुळे कोरलेली होती. अशी खूण शून्य अंशांची धार गरगर फिरवणाऱ्या टर्बो नोझलचीच असते. आमच्या फोटोंमध्ये त्याच विटा सपाट होत्या आणि दरजा भरलेल्या होत्या. रसायनाने असे गोल कोरले जात नाही, हे त्याने अहवालात स्पष्ट शब्दांत लिहिले.

भरपाईची मागणी मागे घेतली गेली आणि बरेच महिने उशिरा का होईना, बिलाचे पैसे आले. परंतु ज्या शेजाऱ्यांकडे आमच्याविरुद्धचे पत्र गेले होते त्यांच्याकडे ते मागे घेतल्याचे पत्र गेले नाही. मी दोनदा लेखी मागणी केली. उत्तर आले नाही. दुसरी फर्म काही काळाने बंद पडली, तिचा मालक आता नव्या नावाने फरशा धुतो असे ऐकतो, आणि त्या भिंतींच्या दरजा भरण्याचा खर्च कोणी सोसला ते मला कुणी सांगितलेले नाही. पैसे मिळाले म्हणजे प्रकरण संपले असे सांगणारे मित्र पुष्कळ भेटतात. त्यांचे नाव पत्रात छापले गेले असते तर ते असे बोलले नसते.

गरम पाण्याचे यंत्र आम्ही पुन्हा घेतले आहे, या वेळी दुप्पट पाण्याचे. दरपत्रकात आता काय निघणार नाही याचीही यादी असते. काँक्रीटमध्ये खोल मुरलेले तेल पूर्ण निघत नाही. गंजाचा डाग ऑक्झॅलिक आम्लाने फिका होतो, दाबाने नाही. आणि भिंतीवरचा लोणा ओलीचे मूळ बुजवल्याशिवाय धुऊनही परत येतो. हे आधी सांगितल्यामुळे काही कामे जातात. ती जाऊ द्यावीत.

मागच्या हंगामात त्याच संकुलाकडून नव्या व्यवस्थापकांच्या सहीने दरपत्रकाची विचारणा आली. आम्ही जागा पाहून, दरजा तपासून, नेहमीचाच दर कळवला आणि त्याखाली एक अट लिहिली : काम सुरू होण्याआधी तपासनिसाच्या अहवालाची प्रत, जुने पत्र मागे घेत असल्याच्या चार ओळींसह, पूर्वी ज्यांना ते पत्र दिले होते त्या सर्वांना पाठवली जावी. त्यांनी दर थोडा कमी करता येईल का असे विचारले आहे. दर कमी करायला मी तयार आहे, अट तशीच आहे.