बेळगावात बसून नाऊन फ्रेजवर डिझर्टेशन : माझा अनुभव

एमए लिंग्विस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशन असतं आणि विषय ठरेपर्यंत सगळ्यांच्याच पोटात गोळा असतो. आमच्यात कुणी व्हॉट्सअॅपवरचं कोड-मिक्सिंग (दोन भाषांची सरमिसळ) घेतलं, कुणी लग्नातली गाणी, मी घेतली नाऊन फ्रेज, मराठी आणि कन्नडची, बेळगाव-खानापूर भागात बोलतात तशी. पुस्तकी मराठीत तिला नामपदबंध म्हणतात, पण आमच्या डिपार्टमेंटमध्ये तो शब्द कुणी तोंडात घेत नाही, म्हणून मीही इथे नाऊन फ्रेजच म्हणते.

आधी नाऊन फ्रेज म्हणजे काय ते थोडक्यात. नाम आणि त्याला चिकटून येणारं बाकी सगळं: 'ते माझे तीन जुने पितळी तांबे'. या अख्ख्या तुकड्याच्या जागी नुसतं 'ते' ठेवून वाक्य चालतंय म्हणजे तो एक तुकडा आहे. एवढं कळलं की कामाला लागता येतं, बाकी थिअरी मागून येते.

विषय मंजूर व्हायला वेळ लागला, कारण माझ्या गाईड सरांचा पहिला प्रश्न होता की यात शोधायचं काय, दोन्ही भाषांमध्ये क्रम तर एकच आहे. आणि खरंच आहे ते. मराठीत 'हे तीन मोठे आंबे', कन्नडमध्ये 'ई मूरु दोड्ड माविन हण्णुगळु'. दर्शक (म्हणजे 'हे, ते' वगैरे), संख्या, विशेषण, नाम. एका खाली एक लिहिलं तर शब्दाला शब्द बसतो. 1963 साली ग्रीनबर्ग नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 30 भाषा बघून काही नियम मांडले होते, त्यातला विसावा नेमका याचाच आहे: हे तीनही नामाच्या आधी येत असतील तर त्यांचा आपसातला क्रम कायम हाच राहतो, आणि नामाच्या नंतर येत असतील तर एकतर हाच किंवा बरोबर उलटा. पुढे 2005 ला चिंक्वे नावाच्या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने हिशोब मांडला की हे तीन आणि नाम अशा चार घटकांचे क्रम गणिताने 24 होतात, पण जगातल्या भाषांत सापडतात फक्त 14. त्याच्या मते बाकीचे दहा कुठेच नाहीत. मला तर ते वाचून अंगावर काटा आला होता, कुणी ठरवलेलं नाही तरी आख्खं जग या दहा क्रमांकडे फिरकत नाही!

तर सरांना मी सांगितलं, क्रम सारखा आहे म्हणूनच घ्यायचं, क्रम बाजूला ठेवला की मग काय वेगळं उरतं ते दिसेल. सर म्हणाले, लिहून आणा. आणलं.

मग डेटा. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, आणि आमच्याकडे तर नाहीच. बेळगावात कुणासमोर मोबाईल धरून "तुम्ही घरात कुठली भाषा बोलता" विचारलं की समोरचा आधी तुमचं आडनाव विचारतो. भाषेचा प्रश्न म्हटला की लोकांना मोर्चे आठवतात, बोर्डावरची अक्षरं आठवतात, 1956 पासून चाललंय ते सगळं. वडगावात एका आक्कांकडे गेले, घरात कन्नड, बाहेर मराठी, दोन्ही तेवढीच फर्राट. त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "काय गं, जनगणनेचं हाय काय?" मी म्हटलं नाही आक्का, कॉलेजचं आहे. "मग लिव्ह की, त्यात काय." पण संमतीच्या फॉर्मवर सही करायची म्हटल्यावर मात्र मुलगा येईपर्यंत थांबायला लावलं, आणि त्यात काही चूक नाही, मीही कुणाला कोऱ्या कागदावर सही दिली नसती. तेव्हापासून मी भाषा विचारणंच सोडलं. नुसत्या वस्तू विचारायच्या. "तुमच्या माळ्यावर काय काय आहे?" एवढं विचारलं की नाऊन फ्रेजा आपोआप गळायला लागतात, 'ती आतल्या खोलीतली मोठी लाकडी पेटी', 'सासूबाईंनी दिलेलं जुनं इरकल लुगडं', थांबतच नाहीत. ज्यांना असा डेटा गोळा करायचाय त्यांनी हे करून बघा, वाक्यं भाषांतर करायला दिली की लोक शाळेतली भाषा काढतात.

सगळ्यात मजा आली शहापूरच्या एका साडीच्या दुकानात. मामा ओळखीचे, त्यांनी स्टॉकची वही पुढ्यात टाकली. त्यात ओळी अशा: 'इरकल हिरवी मोठा काठ २ नग', 'कॉटन पांढरी साधी ५ नग'. म्हणजे नाम आधी, विशेषण नंतर, मग संख्या, मग 'नग'. आता थाई भाषेत 'ही तीन मोठी घरं' कसं म्हणतात बघा: 'बान याइ साम लांग नी'. बान म्हणजे घर, याइ मोठं, साम तीन, लांग हा घरं मोजायचा शब्द आणि नी म्हणजे हे. घर, मोठं, तीन, नग, हे! आमच्या मामांची वही थाई क्रमात लिहिलेली, शेवटचं 'हे' तेवढं नाही. मी तिथेच गादीवर बसून हसायला लागले तर मामांना वाटलं हिशोबात काहीतरी सापडलं.

पण सर हसले नाहीत. म्हणाले, ही नाऊन फ्रेज आहे का आधी दाखव. त्यांचं म्हणणं असं की वहीतली ओळ ही फ्रेजच नाही, ते रकाने आहेत, मालाचं नाव, रंग, नग, मध्ये रेघा मारायच्या राहिल्यात इतकंच. कसं ठरवायचं? शेवटी विभक्ती अडकवून बघायची, खरी फ्रेज असेल तर प्रत्यय तिच्या टोकाला लागतो. मामा गिऱ्हाईकाशी बोलताना 'हिरव्या साडीला फॉल लावून देतो' म्हणतात. 'साडी हिरवीला फॉल' असं त्यांच्या तोंडून येणं शक्य नाही, आणि 'साडी हिरव्याला' तर त्याहून नाही. गिऱ्हाईक 'मला साडी हिरवी दाखवा' म्हणतं, पण तिथे 'हिरवी' साडीला लागलेली नाही, ती सुटी आहे, कुठल्या रंगाची दाखवा ते वेगळं सांगितलंय. त्यामुळे वही प्रकरण मुख्य डेटातून निघालं आणि एका तळटीपेत जाऊन बसलं. मला अजून वाटतं त्याला एक आख्खं प्रकरण मिळायला हवं होतं, सरांना वाटत नाही, असो.

फायदा एवढा झाला की विभक्तीची ही टेस्ट हाताला लागली आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं. आक्कांनी सांगितलेलं एक साधं उदाहरण घेते, 'माझ्या आत्याच्या नव्या घराचं दार'. कन्नडमध्ये लिहिताना 'नन्न अत्तेय होस मनेय बागिलु', बोलताना आमच्याकडे 'मनेय'चं नुसतं 'मनी' होतं ते सोडा. आता दार एकाचं अनेक करा: मराठीत 'घराची दारं', म्हणजे दार बदललं तसं 'घराचं'ला पण बदलावं लागलं. कन्नडमध्ये 'मनेय बागिलुगळु', मागचं कुणीच हललं नाही. आता दारात उभं राहा: 'घराच्या दारात', परत बदललं. कन्नडमध्ये 'मनेय बागिलल्लि', परत कुणी हललं नाही. कन्नडची नाऊन फ्रेज म्हणजे मालगाडी, ब्रेक, दिवा, जे काही लावायचं ते शेवटच्या डब्याला, मधल्या डब्यांना काही देणंघेणं नाही. आणि आपल्याकडे 'चा-ची-चं-चे-च्या'चा असा खेळ की बाहेरून आलेल्या माणसाला मराठी शिकवताना सगळ्यात जास्त दम तिथेच लागतो. आमच्या गल्लीतले कन्नड घरचे लोक मराठी बोलताना क्रमाला कधीच अडखळत नाहीत, अडखळले तर 'माझं सायकल' इथे अडखळतात.

आता इथे एक गोष्ट मला ग्लॉसिंग करताना दिसली. ग्लॉसिंग म्हणजे प्रत्येक वाक्य तीन ओळींत लिहायचं, वरती बोललं तसं, मधे प्रत्येक तुकड्याचा अर्थ आणि व्याकरण, खाली भाषांतर. लाइपझिग नियम म्हणून ठरलेली पद्धत आहे, आणि ती करता करता मान मोडून येते. रेकॉर्डिंग ईलान नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, तुकडे पाडायचे, ऐकायचं, परत ऐकायचं. तर 'मोठा घोडा, मोठी घोडी, मोठं घर' हे टॅग करताना लिंग लिहायला लागतं, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. पण 'मोठ्या घोड्याला, मोठ्या घोडीला, मोठ्या घराला' इथे काय लिहिणार? तिन्हीकडे 'मोठ्या'. 'तो, ती, ते'चं पण तसंच, 'त्या घोड्याला, त्या घोडीला, त्या घराला'. शेवटी विभक्ती लागली रे लागली की आधीच्या शब्दांवरची लिंगं पुसली जातात आणि सगळे 'या'चा एकच सदरा घालून उभे. शाळेत सामान्यरूप म्हणून पाठ केलेलं असतं आपण, पण त्यात लिंग गायब होतं हे कुणी बोट ठेवून दाखवलेलं नसतं.

मग ताडून बघायला मी फिनिश भाषा काढली. 'मोठ्या जुन्या घरात' हे फिनिशमध्ये 'इसोस्सा वान्हास्सा तालोस्सा'. 'आत'वाला प्रत्यय तिन्ही शब्दांना, मोठ्यात जुन्यात घरात असं. कन्नडमध्ये 'दोड्ड हळेय मनेयल्लि', प्रत्यय फक्त घराला. मराठी बरोबर मधे: प्रत्यय घरालाच, पण आधीच्या शब्दांना खबर लागलेली असते की पुढे काहीतरी येतंय, म्हणून ते 'मोठ्या जुन्या' होऊन बसतात. नेमका कुठला प्रत्यय येतोय ते त्यांना माहीत नाही, 'ला' येऊदे, 'त' येऊदे, 'ने' येऊदे, रूप तेच. आणि 'लाल', 'सुंदर', 'पितळी', 'तीन' यांच्यापर्यंत तर खबरही पोचत नाही. माझं डिझर्टेशन खरं म्हणजे या एका परिच्छेदात संपतं, बाकीची पानं पुरावे आहेत.

संख्येचं प्रकरण छोटं ठेवलं पण त्यातही गंमत आहे. कन्नडमध्ये वस्तू मोजताना 'एरडु पुस्तक' असं एकवचनावर भागतं, 'पुस्तकगळु' म्हटलं तरी चालतं. तुर्कीत तर एकवचनच, 'उच एव्ह', तीन घर. मराठीत 'दोन पुस्तक' म्हटलं की मास्तर छडी काढणार. पण माणसं आली की मराठी आणि कन्नड दोघी सरळ होतात: आपलं 'दोघं, तिघं, चौघं', त्यांचं 'इब्बरु, मूवरु', आपले 'पाच जण', त्यांचे 'ऐदु मंदि' किंवा 'ऐदु जन'. आक्का एका दमात 'इब्बरु हुडुगरु' आणि 'दोघं पोरं' म्हणून गेल्या, विचार करायलाही थांबल्या नाहीत. कुपवाडची गोष्ट इथे सांगायलाच हवी, सांगली जिल्ह्यातलं मिरजेजवळचं गाव, तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर गम्पर्झ आणि विल्सन या दोघा अभ्यासकांनी 1971 साली दाखवलं होतं की शब्द आपापले राहिले पण वाक्यांचे सांगाडे एकमेकांवर बसतील इतके जवळ आले. आमच्याकडे मला सांगाडा जवळ आलेला दिसला तो 'जो-तो'च्या बाबतीत. 'जो माणूस काल आला तो' असं आक्का कधीच म्हणाल्या नाहीत, कायम 'काल आलेला माणूस', जसं कन्नडमध्ये 'निन्ने बंद मनुष्य'. आता 'आलेला' हे अस्सल मराठीच आहे, पुण्यातही म्हणतात, त्यामुळे हा कन्नडचा परिणाम असा दावा मी केला नाही. फक्त फरक लिहिला: 'आलेला मुलगा, आलेली मुलगी', कन्नडमध्ये दोन्हीकडे 'बंद'. परत तेच, आपले शब्द नामाचं तोंड बघून बदलतात, त्यांचे नाही.

थिअरीचं प्रकरण मी शेवटी लिहिलं, आणि माझं मत विचाराल तर तसंच लिहावं. अॅबनी नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1987 ला मांडलं की फ्रेजचं डोकं, म्हणजे तिचा मुख्य शब्द, नाम नसून 'हा, तो' वाला दर्शक किंवा आर्टिकल (इंग्रजीतलं a, the) आहे. मग मराठी-कन्नडसारख्या आर्टिकल नसलेल्या भाषांना ते डोकं आहे की नाही यावर अजून भांडण चालू आहे, बॉश्कोविच नावाचा भाषाशास्त्रज्ञ नाही म्हणतो, बाकीचे आहे म्हणतात. मी दोन्ही बाजू मांडल्या आणि पुढे गेले, एमएच्या मुलीने त्यात पडायचं काही कारण नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडम कन्नडच्या होत्या. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही, फळ्यावर लिहायला लावलं, 'ते माझे तीन जुने पितळी तांबे'. म्हणाल्या, यातलं काय हलतं सांगा. मी म्हटलं, 'माझे ते तीन जुने' चालतं, 'ते' आणि 'माझे' जागा बदलू शकतात. 'ते माझे जुने तीन' म्हटलं तर तीन जुने आधीच ठरलेले आहेत आणि बाकी नवेही आहेत असा वास येतो. 'पितळी जुने तांबे' मात्र कानाला खटकतं, कशाचं बनलंय ते नामाला चिकटूनच लागतं. "कन्नडमध्ये?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, 'हळेय हित्ताळे तंबिगे', तिथेही पितळ तांब्याच्या शेजारीच. मग त्यांनी शेवटी 'ना' लावायला सांगितलं, मी लिहिलं, 'त्या माझ्या तीन जुन्या पितळी तांब्यांना', आणि कुठले शब्द बदलले त्यांच्याखाली रेघा मारल्या: त्या, माझ्या, जुन्या, तांब्यांना. तीन आणि पितळी तसेच. मॅडम म्हणाल्या, आता हेच कन्नडमध्ये लिहा, आणि रेघ एकाच शब्दाखाली मारायला लागेल म्हणून तुम्ही सुटलात. सर हसले, या वेळी.