फिनलंड, कॅनडा आणि कागदाचे आकडे: माझा अनुभव

दोन देशांच्या कागद-निर्यातीची तुलना करण्याच्या प्रकल्पासाठी फिनलंड आणि कॅनडा हे देश मीच निवडले. दोन्हीकडे जंगलं भरपूर, कागदगिरण्याही जुन्या. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावरून एचएस कोडच्या (व्यापारी मालाचे जगभर वापरले जाणारे क्रमांक; जितके जास्त अंक, तितका बारीक प्रकार) 48व्या प्रकरणाची, म्हणजे कागद-पुठ्ठ्याची, निर्यात उतरवून घेतली. आलेख झटक्यात झाला, पण तो काही सांगेना.

सांगणार तरी कसा? त्या एका आकड्यात 4801चा न्यूजप्रिंट म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, 4818चा टॉयलेट पेपर, 4819चे खोके असं सगळं कोंबलेलं. चार अंकांवर उतरल्यावर जरा उजेड पडला. फिनलंडमधली कायपोलाची गिरणी 2020च्या अखेरीस बंद झाली आणि तिथे न्यूजप्रिंट बनणंच थांबलं. कॅनडाचा न्यूजप्रिंट मात्र वर्षानुवर्षं अमेरिकेकडे जातो. 2018 मध्ये अमेरिकेने त्यावर शुल्क बसवलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते रद्द ठरवलं. अशा बातम्या शेजारी ठेवल्याशिवाय वार्षिक आकडे वाचू नयेत, असं माझं मत झालंय.

4810ला तर चार अंकही पुरले नाहीत. मासिकांचा चकचकीत कागद आणि औषधांच्या डब्यांचा लेप दिलेला पुठ्ठा, दोन्ही त्यातच. छपाईचा कागद ओसरतोय आणि पॅकेजिंगला मागणी आहे. बेरजेत एकाची घट दुसऱ्याच्या वाढीखाली झाकली जाते. सहा अंकांवर बहुपदरी पुठ्ठा 481092 मध्ये वेगळा निघतो, म्हणून तिथपर्यंत गेले. लगदा तर 47व्या प्रकरणात, 48 मध्ये त्याचा मागमूस नाही. फिनलंडमधल्या आनेकोस्कीचा मोठा लगदा कारखाना 2017 मध्ये सुरू झाला, तो 47 उघडल्याशिवाय दिसत नाही.

खरा वेळ खाल्ला तो आरशातल्या आकड्यांनी: एकाची निर्यात दुसऱ्याच्या आयातीशी ताडून पाहणं. कॅनडा-अमेरिकेचे आकडे छान जुळले. आनंद फार टिकला नाही, कारण कॅनडा अमेरिकेला होणारी आपली निर्यात 1990पासून अमेरिकेच्याच आयात-नोंदींवरून घेतो. म्हणजे ही पडताळणी नव्हेच, एकच वही दोनदा वाचणं. फिनलंडचं उलट. युरोपीय संघातल्या देशांच्या आपसातल्या सीमेवर कस्टम्सचे कागद नाहीत. कंपन्या इंट्रास्टॅट या संघांतर्गत व्यापाराच्या नोंदणी-व्यवस्थेला माहिती देतात, मर्यादेखालच्या छोट्या व्यवहारांचा अंदाज बांधला जातो. त्यात रॉटरडॅमसारख्या बंदरातून पुढे जाणारा माल कधी नेदरलँड्सच्या नावावर दिसतो. शिवाय बहुतेक देश आयात सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून, नोंदवतात. कॅनडा मात्र एफओबी, म्हणजे भाडं-विमा न धरता. दोघांच्या आयातीची रक्कम तशीच शेजारी मांडली तर कॅनडाची उगाच कमी दिसते.

आकडे डॉलरमध्ये असल्याने तिथेही तीच गत. 2014 मध्ये युरो सरासरी 1.33 डॉलरचा होता, 2015 मध्ये 1.11चा. कागद तेवढाच विकला तरी फिनलंडची निर्यात घसरलेली दिसणार, आणि कॅनडाचं चलनही त्याच सुमारास पडलं होतं. मग फाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, तिच्या वनविभागाची टनांतली आकडेवारी घेतली. त्यातलं 2022 वेगळं बघावं लागलं: त्या वर्षी यूपीएम या कागद कंपनीच्या फिनलंडमधल्या गिरण्यांत जवळपास चार महिने संप होता, आणि कागदाचे भाव चढलेले.

अहवालात टनांचा तक्ता पुढे ठेवला, डॉलरचा परिशिष्टात. "मग पुढे कोण?" असं मार्गदर्शकांनी विचारलं. मी न्यूजप्रिंट, लेपित पुठ्ठा आणि लगद्याची तीन वेगळी उत्तरं दिली. एकच उत्तर हवं होतं त्यांना, पण ते मी दिलं नाही.