भिंगाशिवाय मंगेशीचा दीपस्तंभ: डीनॉइझर जोडल्यानंतर

मंगेशीच्या दीपस्तंभाचे सातही मजले आता सुटे दिसतात! रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एचक्यू कॅमेऱ्याला भिंग नाही, सेन्सरसमोर फक्त डबल साइड टेपचा तुकडा आहे. फोंड्याच्या घरी खोलीत काळोख करून मॉनिटरवर दीपस्तंभाचा फोटो लावला आणि तो टिपला.

सेन्सरवर उमटतं ते नुसतं धुरकट; खरं चित्र त्यातून गणिताने परत काढायचं. टेपमुळे प्रत्येक प्रकाशबिंदूची एक ठरावीक नक्षी होते आणि सगळ्या बिंदूंच्या नक्ष्या एकमेकींवर चढतात. एका एलईडीची नक्षी मोजून ठेवली की ती आपली पीएसएफ (पॉइंट स्प्रेड फंक्शन). पण नक्षी सेन्सरच्या कडेबाहेरही सांडते, म्हणून गणितात कन्व्होल्यूशननंतर (म्हणजे सगळ्या नक्ष्यांची बेरीज केल्यावर) सेन्सरएवढाच काप घेणंही धरावं लागतं. ते सोडलं तर कडांवर पट्टे येतात. लेन्सलेसपायकॅम या भिंगाशिवायच्या कॅमेऱ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमधला एडीएमएम, म्हणजे फेरीफेरीने चित्र सुधारत नेणारी पद्धत, हे सांभाळतो. माझी सुरुवात त्यानेच झाली.

पुढे न्यूरल नेटवर्क. बर्कलीच्या डिफ्यूझरकॅम गटाने 2019 मध्ये 25,000 चित्रजोड्यांवर (एक धुरकट, एक भिंगातून टिपलेलं) एडीएमएमच्या अवघ्या 5 फेऱ्यांचं शिकवलेलं रूप दाखवलं. काम सुंदर आहे, पण ते नेटवर्क त्यांच्या डिफ्यूझरवर, म्हणजे टेपच्या जागी असलेल्या प्रकाश फाकवणाऱ्या पत्र्यावर, शिकलेलं. माझी टेप वेगळी, आणि एवढ्या जोड्या घरी कुठून आणायच्या?

म्हणून मी प्लग अँड प्ले धरलं. वेंकटकृष्णन, बोमन आणि वोलबर्ग यांची 2013 ची ही कल्पना: कॅमेऱ्याचं भौतिकशास्त्र पीएसएफने सांगायचं, आणि चित्र कसं असतं हे तयार डीनॉइझरने, म्हणजे चित्रातला गोंगाट (दाणे) पुसणाऱ्या प्रोग्रॅमने. माझा डीनॉइझर न्यूरल नेटवर्कच आहे. टेप बदलली तरी नेटवर्क तेच! पायटॉर्चवरच्या डीपइन्व्हर्स या सॉफ्टवेअर लायब्ररीत डीआरयूनेट नावाचा डीनॉइझर शिकवलेलाच मिळतो. कन्व्होल्यूशन आणि काप एवढंच मी स्वतः लिहिलं. डीपइन्व्हर्समधली ॲडजॉइंटनेस टेस्ट आधी चालवाच; पुढचं गणित आणि त्याचं उलट रूप (ॲडजॉइंट) जुळतं का हे ती तपासते. उत्तर शून्याजवळ आलं की पुढचा गोंधळ निम्मा मिटतो.

सगळा जीव सिग्मात आहे, म्हणजे किती गोंगाट आहे असं डीनॉइझरला सांगायचं त्या आकड्यात. डीनॉइझरला सिग्मा जास्त दिला की मजल्यांमधल्या खाचा बुजतात आणि गुळगुळीत, फार देखणा खांब तयार होतो. तो खोटा आहे. कमी दिला की रंगीत दाणे राहतात. आता मी मोठ्या सिग्माने सुरू करून फेरीगणिक उतरवत नेतो, आणि आलेलं चित्र पुन्हा पीएसएफमधून काढून कच्च्या फोटोशी ताडतो. खाचा बुजल्या असतील तर फरकाच्या चित्रात आकार दिसतो. नुसता गोंगाट उरला तरच मी ते चित्र ठेवतो.

पावसाळ्याच्या दमटपणात टेप कडेने सुटते आणि नक्षी सरकते, त्यामुळे सध्या प्रत्येक बैठकीआधी पीएसएफ नव्याने घेतो. टेपऐवजी अर्ध्या अंशाचा डिफ्यूझर लावायचा विचार आहे. घासलेली काच नको, ती प्रकाश फारच फाकवते. कुणी असा डिफ्यूझर वापरला असेल तर सेन्सरपासून किती अंतरावर बसवला ते सांगा.